नाव जॅग्वारचे, पण कारकीर्द कोणाची?

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची लहान फौंड्री आहे. माझे वय बावन्न. पुण्यातील एका ओळखीच्या दलालाकडे २०१४ सालची जॅग्वार एक्सएफ, २.२ लिटर डिझेल, चौऱ्याहत्तर हजार किलोमीटर चाललेली, विकायला आली आहे. तो साडेअकरा लाख मागतो. शाळेत असल्यापासून जॅग्वारच्या ई-टाईपचे एक कापलेले चित्र माझ्याजवळ आहे, म्हणून या नावाची ओढ जुनी आहे. मेहुणे म्हणतात, ‘जॅग्वार म्हणजे महिन्यातले पंधरा दिवस गॅरेज.’ धाकटा भाऊ म्हणतो, ‘टाटांनी घेतल्यापासून तो प्रश्न मिटला.’ मुलगी म्हणते, ‘कंपनीने जुन्या सगळ्या गाड्या बंद केल्या, तुम्ही भंगार विकत घेताय.’ घरची डिझायर राहणारच आहे. अधिकृत वर्कशॉप सव्वादोनशे किलोमीटरवर, पुण्यात आहे. पत्नीला अजून काही सांगितलेले नाही. या नावाची खरी ख्याती कोणती, आणि मी ही गाडी घ्यावी का?

उत्तर : तुमच्या घरातील तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. अडचण एवढीच आहे की मेहुणे, भाऊ आणि मुलगी तीन निरनिराळ्या काळांतील जॅग्वारविषयी बोलत आहेत, आणि तुम्ही जपून ठेवलेले चित्र चौथ्याच काळातले आहे. तुम्ही फौंड्री चालवता, त्यामुळे हे तुम्हाला फार समजावून सांगावे लागणार नाही. गिऱ्हाइकाने कास्टिंग परत पाठवले, तर तुम्ही आधी त्या नगावरचा हीट नंबर, म्हणजे तो कोणत्या वितळणीतून ओतला त्याचा क्रमांक, पाहता आणि त्या दिवशी भट्टीत काय चालले होते याचा शोध घेता; दारावरची पाटी तेव्हा उपयोगाची नसते. जॅग्वारच्या बाबतीत हीच शिस्त पाळावी लागते, कारण शंभर वर्षांत या नावाखाली निदान पाच मालकांच्या भट्ट्या पेटल्या आणि प्रत्येकीतून निघालेला माल वेगळा होता. म्हणून आधी इतिहास सांगतो आणि मग गाडीकडे वळतो. इतिहास थोडा लांबेल, पण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

ही कंपनी मोटारी बनवण्यासाठी निघाली नव्हती. १९२२मध्ये विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्म्सली या दोन तरुणांनी इंग्लंडच्या ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावात मोटारसायकलींना जोडायच्या साइडकार बनवायला सुरुवात केली. पुढे त्यांनी ऑस्टिन सेव्हन या साध्या, लहान गाडीच्या सांगाड्यावर आपली देखणी बॉडी चढवून विकली आणि ती इतकी खपली की १९२८मध्ये कारखाना कॉव्हेंट्रीला हलवावा लागला. लायन्स हे अभियंते नव्हते. डोळा मात्र त्यांचा असा होता की कागदावरच्या चित्रावर विसंबण्यापेक्षा पूर्ण आकाराचा नमुना समोर उभा करून, त्याची रेषा न रेषा बदलून घेत ते गाडी ठरवत. त्याच्या जोडीला हिशेबी स्वभाव होता. दुप्पट किमतीची वाटेल अशी गाडी निम्म्या किमतीत विकायची, हा त्यांच्या धंद्याचा पाया होता. १९३५मध्ये ‘एसएस जॅग्वार’ हे नाव प्रथम आले. युद्धानंतर जर्मनीतील एसएस या कुख्यात संघटनेमुळे ती दोन अक्षरे जवळ बाळगणे शक्यच नव्हते, म्हणून १९४५मध्ये कंपनीचे नाव नुसते जॅग्वार झाले.

दुसऱ्या महायुद्धात कारखान्यावर बॉम्ब पडून आग लागू नये म्हणून रात्रपाळीने पहारा द्यावा लागे, आणि त्या पहाऱ्याच्या रात्रींत विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली यांनी लायन्ससोबत बसून एका नव्या इंजिनाची आखणी केली. त्याचेच पुढे एक्सके इंजिन झाले. दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट असलेले सहा सिलिंडरचे असे इंजिन तोवर बहुतेक शर्यतीच्या किंवा अतिशय महाग गाड्यांतच असे, आणि लायन्सना ते रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत हवे होते. १९४८मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ते एक्सके १२० या गाडीतून लोकांसमोर आले, आणि त्या घराण्यातील शेवटची इंजिने डेम्लर लिमोझिनमध्ये बसवली गेली ती थेट १९९२मध्ये. चव्वेचाळीस वर्षे एकच मूळ रचना चालते, याचा अर्थ पहिल्या दिवशी केलेला विचार पक्का होता, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

शर्यतींनी या नावाला मान मिळवून दिला. फ्रान्समधील ल माँ येथे चोवीस तास चालणारी शर्यत जॅग्वारने त्या एका दशकात १९५१, १९५३, १९५५, १९५६ आणि १९५७ अशी पाच वेळा जिंकली. यांतील १९५३चा विजय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्या गाड्यांना डनलॉपबरोबर विकसित केलेले डिस्क ब्रेक होते. प्रतिस्पर्ध्यांना वळणाआधी जिथे वेग उतरवावा लागे, त्याच्या बरेच पुढे जाऊन जॅग्वारचे चालक ब्रेक लावू शकत होते. काही वर्षांतच तेच ब्रेक विक्रीच्या गाड्यांत आले. शर्यतीत शिकलेले गिऱ्हाइकाच्या हाती देणे म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण मोटारींच्या इतिहासात क्वचितच सापडेल. १९५५च्या विजयाला मात्र कोणी विजय म्हणत नाही. त्या वर्षी एक मर्सिडीज प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे गेली.

तुमच्या चित्रातली ई-टाईप १९६१च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. तिचा आकार माल्कम सेयर यांनी ठरवला. ते विमानांच्या कारखान्यातून आलेले होते आणि हवेच्या प्रवाहाचे गणित मांडून गाडीची रेषा काढत. प्रदर्शनाला आलेल्यांची गाडीत बसून चकरा मारण्यासाठी इतकी रांग लागली की चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस यांना दुसरी गाडी घेऊन कॉव्हेंट्रीहून रातोरात जिनिव्हा गाठावे लागले. ताशी दीडशे मैलांचा दावा करणारी ही गाडी इंग्लंडमध्ये कर धरून सुमारे दोन हजार पौंडांना मिळत होती, आणि त्या वेगाच्या इतर गाड्यांच्या किमतीपुढे ही रक्कम अविश्वसनीय होती. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण चित्रात ती दिसत नाही. एवढी स्वस्ताई कुठून तरी यायचीच. सुरुवातीच्या ई-टाईपमध्ये इंजिन गरम होण्याच्या, अवघड गिअरबॉक्सच्या आणि गैरसोयीच्या आसनांच्या तक्रारी होत्या. ‘देखणी, वेगवान, दामाला स्वस्त आणि थोडी लहरी’ ही जॅग्वारची ओळख खुद्द लायन्सच्या काळातलीच आहे. नंतरच्या मालकांनी यांतली शेवटची बाब तेवढी वाढवली.

मेहुण्यांची जॅग्वार आहे ती यानंतरची. १९६६मध्ये लायन्सनी कंपनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये विलीन केली, दोन वर्षांत ते सगळे कडबोळे ब्रिटिश लेलँड झाले आणि १९७५मध्ये ते डबघाईला आल्यावर सरकारने ताब्यात घेतले. लायन्स १९७२मध्येच निवृत्त झाले होते. त्यांनी जाता जाता दिलेली १९६८ची एक्सजे६ ही बसायला आणि चालवायला जगातल्या उत्तम गाड्यांपैकी एक होती; ज्यांनी ती चालू स्थितीत अनुभवली, ते आजही तिच्याविषयी आदरानेच बोलतात. पण ती बनवणारी व्यवस्था सडत गेली. संप नित्याचे झाले, पुरवठादारांकडून येणारे विद्युत भाग भरवशाचे राहिले नाहीत, बॉडी आणि रंगाचे काम जॅग्वारच्या हातातून काढून लेलँडच्या दुसऱ्या कारखान्याकडे गेले. १९७९मध्ये एक्सजेची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा नव्या रंगशाळेला मोजकेच रंग जमत होते, आणि त्यांची प्रतही पाहवत नव्हती. श्रीमंतांची गाडी विकत घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदार ‘लाल, पिवळा की पांढरा’ असे विचारतो, याहून मोठी नामुष्की कोणती? ‘एक चालवायला आणि एक गॅरेजमध्ये, म्हणून दोन जॅग्वार घ्याव्यात’ हा विनोद याच काळातला, आणि मेहुणे आज त्याचीच कोल्हापुरी आवृत्ती सांगत आहेत. विनोद त्या काळापुरता रास्त होता. पण त्या काळानंतर जन्मलेली माणसे आता चाळिशी ओलांडून गेली आहेत.

१९८०मध्ये जॉन ईगन प्रमुख झाले. त्यांनी केलेले काम तुमच्यासारख्या कारखानदाराला विशेष भावेल. त्यांनी गाड्यांतील वारंवार येणाऱ्या दोषांची यादी करायला लावली. त्यांतले पुष्कळसे दोष बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांत आहेत असे दिसल्यावर त्यांनी पुरवठादारांना समोर बसवले आणि वॉरंटीचा भुर्दंड त्यांच्या गळ्यात घालायला सुरुवात केली. १९८४मध्ये कंपनी पुन्हा खासगी झाली आणि १९८९मध्ये फोर्डने ती सुमारे अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. फोर्डविषयी जॅग्वारचे चाहते कडवटपणे बोलतात, आणि २००१ची एक्स-टाईप ही फोर्ड माँडिओच्या पायावर उभी होती हे त्यांचे शल्य समजण्यासारखे आहे. मला मात्र फोर्डवर थोडा अन्याय होतो असे वाटते. कारखान्यात शिस्त, मोजमाप आणि तपासणी फोर्डनेच आणली. त्यांना जमले नाही ते गाडी विकून नफा कमावणे.

आता भावाचा मुद्दा. जून २००८मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही मिळून २.३ अब्ज डॉलरला घेतल्या, म्हणजे फोर्डने एकट्या जॅग्वारसाठी जेवढे मोजले होते त्याहूनही कमी. फोर्डने अनेक वर्षांपूर्वी टाटांचा केलेला कथित अपमान आणि त्याची ही परतफेड, अशी एक गोष्ट मोबाइलवर फिरत असते आणि तुमच्या भावाने ती तुम्हाला नक्कीच पाठवली असेल. ती ऐकायला छान आहे. गिअरबॉक्स तपासताना तिचा काही उपयोग नाही. प्रत्यक्षात व्यवहार होऊन चार महिने उलटतात न उलटतात तोच जागतिक मंदी कोसळली. खरेदीसाठी घेतलेले तीन अब्ज डॉलरचे कर्ज डोक्यावर होते, आणि २००८-०९ या आर्थिक वर्षात टाटा मोटर्सला एकत्रित हिशेबात अडीच हजार कोटी रुपयांचा तोटा झाला. टाटांनी त्या वेळी पैसा ओतला आणि त्याहून अवघड म्हणजे धीर धरला. आखणीचे काम इंग्लंडमधल्या अभियंत्यांच्याच हाती ठेवले, वुल्व्हरहॅम्प्टनला इंजिनांचा नवा कारखाना उभारला, आणि इकडे २००९मध्ये वरळीला पहिले दालन उघडून भारतात अधिकृत विक्री सुरू केली. एक मराठी माणूस म्हणून मलाही याचा अभिमान आहे.

पण अभिमानाने गाडीचा हीट नंबर बदलत नाही. मोटार कागदावर उतरल्यापासून दालनात येईपर्यंत चार-पाच वर्षे सहज जातात, त्यामुळे नवा मालक आला तरी पहिली काही वर्षे तो जुन्या मालकाने आखलेल्या गाड्याच विकत असतो. याचे एक बोलके उदाहरण आहे. अमेरिकेतील जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या टिकाऊपणाची दरवर्षी पाहणी करते. २००९मध्ये तिच्या यादीत जॅग्वारने ब्यूकबरोबर पहिला क्रमांक पटकावला. त्या वेळी मालकी टाटांची होती, मात्र पाहणीतल्या गाड्या फोर्डच्या काळात बनलेल्या होत्या. उलट २०१९मध्ये त्याच संस्थेच्या नव्या गाड्यांच्या प्रारंभिक गुणवत्तेच्या पाहणीत जॅग्वार सर्वांत शेवटी आली, आणि त्या गाड्या पूर्णपणे टाटांच्या काळातल्या होत्या. त्या पाहणीत रस्त्यात बंद पडणे आणि पडद्यावरची बटणे न समजणे या दोन्ही तक्रारी सारख्याच मोजल्या जातात, हे टाटांच्या बाजूने सांगायला हवे. तरीही ‘टाटांनी घेतली म्हणजे प्रश्न मिटला’ हे विधान या दोन आकड्यांपुढे टिकत नाही.

मग तुमची २०१४ची एक्सएफ कोणाची? तिची मूळ रचना फोर्डच्या छत्राखाली झाली आणि २००७मध्ये, म्हणजे टाटा येण्याच्या आधी, ती जगासमोर आली. बाह्यरूप जॅग्वारचे तेव्हाचे मुख्य डिझायनर इयन कॅलम यांचे आहे, आणि अजूनही जुने दिसत नाही. खालचा सांगाडा आधीच्या एस-टाईपपासून विकसित केलेला आहे. २.२ लिटरचे डिझेल इंजिन फोर्ड आणि फ्रान्सच्या प्यूजो-सिट्रोएन यांनी मिळून विकसित केलेल्या घराण्यातले, आणि आठ गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्स जर्मनीच्या झेडएफचा आहे. २०१३पासून एक्सएफची जुळणी पुण्यात होत होती, त्यामुळे तुमची गाडी बहुधा पुण्यातच जुळवलेली असेल. थोडक्यात, ती ना मेहुण्यांच्या गोष्टीतली लेलँडची गाडी आहे, ना भावाच्या गोष्टीतली टाटांची. तिच्यात ल माँ किंवा ई-टाईपचा एकही बोल्ट नाही. ती फोर्डच्या शेवटच्या वर्षांत आखलेली, बऱ्यापैकी जमलेली, सिद्ध झालेल्या यंत्रांची गाडी आहे, आणि माझ्या मते तुमच्या दृष्टीने ही बातमी चांगलीच आहे. २०१६पासून भारतात आलेल्या पुढच्या पिढीच्या एक्सएफमध्ये जॅग्वारचे स्वतःचे दोन लिटरचे इंजेनियम डिझेल आले. ती गाडी वजनाने हलकी आणि चालवायला अधिक सरस आहे, पण त्या इंजिनाच्या टायमिंग चेनविषयीच्या (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणाऱ्या साखळीविषयीच्या) तक्रारी परदेशांत इतक्या ऐकू आल्या आहेत की वॉरंटी संपलेली गाडी घेताना मी जुन्या २.२लाच झुकते माप देईन.

त्याच इंजिनाचा आणखी एक फायदा आहे. लँड रोव्हर फ्रीलँडर २ आणि सुरुवातीची रेंज रोव्हर इव्होक या गाड्याही भारतात २.२ लिटरच्या त्याच घराण्यातील डिझेलवर विकल्या गेल्या, त्यामुळे इंजिनाच्या सुट्या भागांची आणि ते हाताळणाऱ्या कारागिरांची तुम्हाला वाटते तेवढी टंचाई नाही. मुलीच्या आक्षेपाचेही अर्धे उत्तर यातच आहे. तिची माहिती खरी आहे. जॅग्वारने पुढे फक्त विजेवर चालणाऱ्या, आणि आजवरपेक्षा बऱ्याच महाग, गाड्या बनवायचे २०२१मध्ये जाहीर केले. एक्सई, एक्सएफ आणि एफ-टाईप यांचे उत्पादन २०२४मध्ये थांबले. त्याच वर्षाच्या अखेरीस नवी बोधचिन्हे, गाडी नसलेली ती बहुचर्चित जाहिरात आणि मायामीत दाखवलेली टाईप ०० ही नमुना गाडी, हे सगळे आले आणि जगभर त्याची टिंगल झाली. ती जाहिरात मला आवडली नाही. पण लायन्सनी ज्या किमतीचे गणित मांडून ही कंपनी उभी केली ते सोडून देण्याचा निर्णय मला त्याहून अधिक खटकतो. मात्र जाहिरातीने तुमच्या गाडीचे काही बिघडत नाही. जॅग्वार आणि लँड रोव्हर ही एकच कंपनी आहे, दोन्हींची कामे एकाच वर्कशॉपमध्ये होतात आणि रेंज रोव्हरचा धंदा भारतात जोरात आहे, त्यामुळे वर्कशॉपला टाळे लागेल अशी भीती बाळगू नका. मुलीचे म्हणणे खरे ठरेल ते पुनर्विक्रीच्या बाबतीत. ही गाडी पाच वर्षांनी विकायला काढाल तेव्हा हातात जे येईल त्याला रक्कम म्हणण्याचेही धाडस होणार नाही, म्हणून आजच ते साडेअकरा लाख खर्ची टाकून मोकळे व्हा. तसे करवत नसेल तर गाडी घेऊ नका.

आता प्रत्यक्ष तपासणी. सर्वांत आधी सर्व्हिसचा इतिहास मागा, आणि दलालाच्या वहीवर न थांबता चॅसिस नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपकडून त्यांच्या संगणकातील नोंदी काढून घ्या. मूळ मालकाच्या संमतीने त्या मिळू शकतात. किलोमीटरचा आकडा वर्षागणिक चढत गेलेला दिसतो का, ते पाहा. या २.२ इंजिनात साखळीऐवजी टायमिंग बेल्ट आहे, आणि तो ठरावीक किलोमीटर किंवा ठरावीक वर्षे यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलावा लागतो. गाडी कमी चालली म्हणून बेल्ट जुना होत नाही, असा समज असलेले मालक पुष्कळ भेटतात. बदलल्याचे बिल नसेल तर बदललेला नाही असेच धरा आणि तो खर्च किमतीतून वजा करा, कारण चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाचे काय होते ते तुम्ही जाणताच. गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही असे गाडीच्या कंपन्या सांगत आल्या, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ते साधारण ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. तुमची गाडी त्या उंबरठ्यावर आहे. यात मी गाडीच्या कंपनीपेक्षा गिअरबॉक्सच्या कंपनीवर विश्वास ठेवीन.

खराब रस्त्यांवर सस्पेन्शनचे बुश आणि आर्म लवकर ढिले होतात, म्हणून चाचणीसाठी गुळगुळीत महामार्ग टाळा आणि गाडी एखाद्या खड्ड्यांच्या रस्त्यावर, संगीत आणि एसी बंद करून चालवा. डॅशबोर्डवर एखादा इशारा चमकून गेला तर लगेच घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. या गाड्यांत बॅटरी थोडी कमजोर झाली तरी निरनिराळ्या यंत्रणा भलत्याच तक्रारी करू लागतात, त्यामुळे आधी बॅटरी तपासून मग स्कॅनर लावून कोड वाचून घ्यावेत. स्टार्ट केल्यावर गिअरचा गोल खुंटा वर येतो आणि एसीचे झरोके फिरून उघडतात, हा या गाडीचा लाडका नखरा आहे. एखादा झरोका अडकत असेल तर त्यावरून घासाघीस जरूर करा, पण सौदा मोडू नका.

कागदपत्रांत फार वेळ घालवत नाही, कारण धंद्यात तुम्ही ते रोज करता. सरकारच्या ‘वाहन’ या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत आधीचे मालक किती आणि कर्जाचा बोजा उतरला आहे का ते पाहा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, आणि हस्तांतरासाठी फॉर्म २९ व ३०, या सगळ्यांवर सह्या झाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नका. गाडी मूळची दिल्लीकडची निघाली तर अधिकच सावध राहा, कारण तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे त्या स्वस्तात इकडे येत आल्या आहेत आणि महाराष्ट्रात कर भरून पुन्हा नोंदणी करण्याचा खर्च घेणाऱ्याच्या माथी बसतो. नोंदणीची पंधरा वर्षे २०२९मध्ये पूर्ण होतील. पुढे फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर आहेच. एवढ्या जुन्या गाडीला बहुतेक विमा कंपन्या झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) देत नाहीत, तेव्हा एका हेडलाइटच्या किमतीची चौकशी आधीच करून ठेवली तर नंतर धक्का बसणार नाही.

आता निकाल. गाडीच्या किमतीखेरीज तीन लाख रुपये पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवता येत असतील, त्यांतला एकही रुपया कर्जाचा किंवा फौंड्रीच्या खेळत्या भांडवलाचा नसेल, आणि डिझायर दारात राहणार असेल, तर घ्या. रोज शिरोलीला जाण्यासाठी घेणार असाल तर घेऊ नका. ती जमिनीपासून कमी उंचीची, लांब आणि खर्चिक गाडी आहे, आणि बंद पडली तर सव्वादोनशे किलोमीटर फ्लॅटबेडवरून न्यावी लागेल. किमतीबद्दल म्हणाल तर बेल्ट आणि गिअरबॉक्सच्या तेलाची बिले नसतील तर साडेअकरा मला जास्त वाटतात. दहाच्या आसपास बोलणी सुरू करावीत. दलालाने दुसरे गिऱ्हाईक उद्या येणार आहे असे सांगितले, तर त्या गिऱ्हाइकाला शुभेच्छा द्या. अशा गाड्यांना महिनोन्महिने गिऱ्हाईक मिळत नाही, हे त्यालाही माहीत असते.

दलालाला टोकन देण्याच्या आधी पत्नीला सांगा, आणि सांगताना साडेअकरा हा आकडा न सांगता साडेचौदा सांगा, कारण खरा आकडा तोच आहे. त्यांचा नकार आला तर तो जॅग्वारच्या ख्यातीवर नसून या आकड्यावर असेल, आणि त्यावर बोलणी होऊ शकतात. मेहुण्यांना चाचणीच्या दिवशी बरोबर न्या. शंकेखोर माणसाचे कान अशा वेळी आपल्या कानांपेक्षा चांगले काम करतात.

आणि दलालाला आदल्या रात्री निक्षून सांगा की सकाळी तुम्ही पोहोचेपर्यंत गाडी सुरू करायची नाही. थंड इंजिन सुरू होताना होणारी खडखड, पहिला धूर आणि गिअरबॉक्सचा पहिला झटका हेच तुम्हाला पाहायचे आहे. पोहोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. तो गरम लागला तर चहा घ्या, निघा आणि दुसऱ्या दिवशी न कळवता जा.